काटा खरे सांगतो का?

पिकअप ट्रक म्हणजे पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली हलकी मालमोटार. अमेरिकेतील शेतकरी, सुतार, गवंडी यांचे हे रोजचे वाहन. फोर्ड कंपनीने १९४८ मध्ये आपली 'एफ' मालिका बाजारात आणली, १९५३ मध्ये तीत 'एफ-१००' हे नाव आले आणि अमेरिकेत ते १९८३ पर्यंत टिकले. यांतले कितीतरी ट्रक तिकडील हौशी मंडळींनी आजही चालू स्थितीत जपले आहेत. इंजिन उतरवून साफ करायचे, गंजलेला पत्रा बदलायचा, रंग द्यायचा, हे सारे झाले की लक्ष जाते ते डॅशबोर्डकडे. तिथे पेट्रोलचा काटा तळाशी झोपलेला, तापमानाचा काटा भलतीकडेच टेकलेला आणि चार्जिंगचा काटा तर जागचा हलायला तयार नाही!

मग 'मीटर बदलून टाकू' असा विचार येतो. नवे चकचकीत मीटर तिकडे तयार मिळतात. ते बसवायला दोन-तीन वायरी आणि चार स्क्रू पुरतात. काटा हलूही लागतो. पण टाकी कोरडी पडली असताना तो 'अर्ध्याहून जास्त भरली आहे' असे सांगू लागला तर? बंद पडलेल्या काट्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. हलणाऱ्या काट्यावर मात्र सगळेच ठेवतात. म्हणून चुकीचा हलणारा काटा बंद काट्यापेक्षा वाईट.

असे का होते हे समजण्यासाठी शाळेच्या पुस्तकातील दोन नियम पुरेसे आहेत. एक ओहमचा आणि दुसरा विद्युत्प्रवाहाने निर्माण होणाऱ्या उष्णतेचा, म्हणजे ज्यूलचा. आपण या जुन्या फोर्डचा डॅशबोर्ड उघडून पाहू.

पट्टी वाकते, काटा फिरतो

ट्यूबलाइटचा जुना स्टार्टर फोडून पाहिला असेल, तर त्यातील काचेच्या छोट्या बल्बमध्ये एक वाकडी पट्टी आपल्याला दिसली असेल. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटवून ती बनवलेली असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी. त्यामुळे पट्टी वाकते. फोर्डच्या पेट्रोल-मीटरमध्ये नेमकी अशीच द्विधातूची पट्टी आहे. तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून प्रवाह गेला की ती तापते, पट्टी वाकते आणि पट्टीला जोडलेला काटा सरकतो. चुंबक नाही, वेटोळे नाही. हा मीटर म्हणजे खरे तर एक चिमुकली शेगडीच आहे!

प्रवाह किती जावा हे टाकीतला फ्लोट ठरवतो. पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटच्या दांडीला जोडलेला सरकता स्पर्शक एका रोधावर फिरतो. आपल्या प्रयोगशाळेतील ऱ्हिओस्टॅटचे हे धाकटे भावंड. फोर्डच्या जुन्या पद्धतीत टाकी रिकामी असताना हा रोध सुमारे ७३ ओहम असतो आणि टाकी भरलेली असताना सुमारे १०. तापमानाच्या मीटरची रचनाही अशीच. मात्र तिथे फ्लोटऐवजी इंजिनच्या पाण्यात बुडलेला थर्मिस्टर असतो. पाणी तापले की त्याचा रोध घटतो.

आता थोडा हिशेब करू. मीटरला ५ व्होल्ट मिळतात आणि त्याच्या तारेचा स्वतःचा रोध १२ ओहम आहे असे धरू. टाकी रिकामी असताना एकूण रोध ८५ ओहम, म्हणून प्रवाह सुमारे ५९ मिलिअँपिअर. टाकी भरलेली असताना एकूण रोध २२ ओहम, म्हणून प्रवाह सुमारे २२७ मिलिअँपिअर. प्रवाह चौपटीला थोडा कमी वाढला. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तारेतील उष्णता जवळजवळ पंधरापट झाली. तबकडीवरील खुणा सारख्या अंतरावर का नसतात, याचे एक कारण इथे दडलेले आहे.

या शेगडी-पद्धतीचा एक मोठा गुण म्हणजे तिचा आळस. पट्टी तापायला आणि निवायला वेळ लागतो. खडबडीत रस्त्यावर टाकीतले पेट्रोल हिंदकळते, फ्लोट वरखाली नाचतो, पण काटा शांत राहतो. किल्ली फिरवल्यावर काटा हळूहळू वर चढतो तोही याचमुळे. काही जण त्यालाच बिघाड समजतात.

बारा व्होल्टचे पाच व्होल्ट

चाणाक्ष वाचकाने एव्हाना विचारलेच असेल की बॅटरी तर १२ व्होल्टची, मग हे ५ व्होल्ट कुठून आले?

बॅटरीचा दाब स्थिर नसतो. इंजिन बंद असताना सुमारे १२.६ आणि चालू असताना १४ च्या आसपास. मीटर थेट बॅटरीवर चालवला तर इंजिन सुरू करताच टाकीत पेट्रोल वाढल्याचा भास होईल. यावर अभियंत्यांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. मीटरांच्या मागे एक छोटी पत्र्याची डबी बसवलेली असते. तिच्यात आणखी एक द्विधातूची पट्टी, तिच्याभोवती तार आणि टोकाला पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारा संपर्क. प्रवाह सुरू झाला की तार तापते, पट्टी वाकते, पॉइंट उघडतो आणि प्रवाह तुटतो. पट्टी निवते, पॉइंट मिटतो, प्रवाह पुन्हा सुरू. हे अखंड चालते. मीटरांना मिळतो तो सलग प्रवाह नव्हेच, तर त्याचे तुकडे.

पण मीटर शेगडीचे! त्यांना तुकड्यांशी देणेघेणे नाही, एकूण उष्णतेशी आहे. डबी अशी जुळवलेली असते की उष्णतेच्या दृष्टीने हे तुकडे ५ व्होल्टच्या सलग दाबाइतके ठरावेत. आता एक मौज पाहा. १२ व्होल्टचा दाब किती वेळ चालू ठेवला म्हणजे ५ व्होल्टइतकी उष्णता मिळेल? उत्तर 'बारातले पाच भाग' असे नाही. उष्णता दाबाच्या वर्गावर अवलंबून असल्याने २५ भागिले १४४, म्हणजे साधारण एक-षष्ठांश वेळ. बॅटरीचा दाब १४ झाला तर २५ भागिले १९६, म्हणजे एक-अष्टमांश. हा हिशेब डबीला कोणी शिकवलेला नाही. दाब वाढला की तिची स्वतःची तार लवकर तापते आणि पॉइंट आपोआप लवकर उघडतो. डबी आणि मीटर एकाच नियमाने चालतात, म्हणून दोघांचे जुळते.

आता बिघाडाकडे पाहू. पॉइंट जळून एकमेकांना चिकटले, तर डबी प्रवाह तोडायचेच विसरते. मीटरांना पूर्ण १४ व्होल्ट मिळतात आणि तारेत नेहमीच्या जवळजवळ आठपट उष्णता निर्माण होते. काटा टोकाला जाऊन आदळतो आणि थोड्या वेळात तार जळू शकते. याहून फसवा प्रकार अर्थिंगचा. डबीतील तापणाऱ्या तारेचे दुसरे टोक डबीच्या पत्र्यामार्फत गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे अर्थला जोडलेले असते. हौसेने डॅशबोर्ड रंगवताना डबीखालच्या जागेवर रंग चढला तर? तारेतून प्रवाहच जात नाही, पट्टी तापत नाही, पॉइंट उघडत नाही. नव्या रंगामुळे सगळे काटे टोकाला!

यातून निदानाची एक सोपी युक्ती मिळते. एकच काटा चुकत असेल तर दोष त्याच्या मीटरमध्ये किंवा त्याच्या रोधात शोधावा. पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकाच वेळी चढले किंवा एकाच वेळी पडले, तर दोघांना समाईक असलेल्या डबीकडे पाहावे. पेट्रोलची टाकी भरलेली आणि इंजिनही त्याच क्षणी उकळते, असा योगायोग निसर्गात क्वचितच घडतो.

या डबीच्या जागी आता बरेच जण ७८०५ नावाची तीन पायांची एकत्रित मंडल-चकती, म्हणजे आय.सी., बसवतात. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या विद्यार्थ्यांना ती परिचित असेल. सुमारे ७ व्होल्टपासून पुढे दाब दिला की ती स्थिर ५ व्होल्ट देते. पॉइंट नाहीत, म्हणून ठिणग्या नाहीत आणि रेडिओतील खरखरही नाही. पण उरलेला दाब कुठे जातो? तीन मीटर प्रत्येकी २२७ मिलिअँपिअर घेत असतील तर एकूण ०.६८ अँपिअर. चकतीवर उरणारा दाब १४ वजा ५, म्हणजे ९ व्होल्ट. गुणाकार सुमारे ६ वॉट. एवढी उष्णता नखाएवढ्या चकतीला सोसवत नाही, म्हणून तिला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर घट्ट बसवावे लागते. शिवाय मोटारीच्या वायरिंगमध्ये क्षणभर फार मोठे दाब उसळतात, त्यांपासून संरक्षण द्यावे लागते. एवढी काळजी घेतली तर जुने मीटर, जुनी तबकडी, जुना काटा तसाच राहतो आणि बोलतो मात्र खरे. माझ्या मते जुन्या फोर्डसाठी सर्वांत उत्तम सुधारणा हीच.

परक्या मीटरची भाषा

ज्यांना मीटरच बदलायचे आहेत, त्यांची वाट इतकी सरळ नाही. रोधाची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. फोर्डची ७३ ते १० ओहम. जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ९०, म्हणजे दिशाच उलटी! बाजारात सुटे मिळणारे कितीतरी मीटर २४० ते ३३ या मापाचे असतात.

समजा, २४०-३३ चा नवा मीटर फोर्डच्या जुन्या फ्लोटला जोडला. टाकी कोरडी आहे, फ्लोट ७३ ओहम दाखवतो. या मीटरच्या भाषेत २४० म्हणजे रिकामे आणि ३३ म्हणजे भरलेले. ७३ चा अर्थ तो 'अर्ध्याहून बरेच जास्त' असा लावणार. चालक निर्धास्त, आणि ट्रक रस्त्याच्या मधोमध बंद! उलट फोर्डच्या मीटरला जनरल मोटर्सचा फ्लोट जोडला, तर भरलेल्या टाकीला काटा 'रिकामी' म्हणेल आणि रिकाम्या टाकीला रोध शून्यावर येऊन मीटरची तार गरजेपेक्षा जास्त तापेल.

जनरल मोटर्सच्या मीटरची रचनाही वेगळी आहे. तिथे एकमेकांशी कोन करून ठेवलेली वेटोळी असतात आणि त्यांच्यामध्ये काट्याला जोडलेला छोटा चुंबक. टँजंट गॅल्व्हॅनोमीटरमध्ये सुई दोन क्षेत्रांच्या परिणामी दिशेने वळते, तसाच हा चुंबक वळतो. बॅटरीचा दाब वाढला तर दोन्ही वेटोळ्यांतील प्रवाह सारख्याच प्रमाणात वाढतात, परिणामी दिशा बदलत नाही. म्हणून या मीटरला ५ व्होल्टच्या डबीची गरजच नाही. एकाच प्रश्नाला दोन कंपन्यांनी दोन निराळी उत्तरे दिली आणि दोन्ही बरोबर आली. गोंधळ होतो तो अर्धे उत्तर एकाचे आणि अर्धे दुसऱ्याचे घेतल्यावर.

तेव्हा मीटर, फ्लोट आणि दाब देणारी डबी हे तिघे मिळून एक यंत्र आहे. बदलायचे तर तिघांचा विचार एकत्र करावा लागतो. अलीकडच्या इलेक्ट्रॉनिक मीटरांत सूक्ष्मप्रक्रियक असतो. तो फ्लोटचा रोध मोजतो, त्याला कोणती भाषा वाचायची ते आधी सांगून ठेवता येते आणि मग तो छोट्या स्टेपर मोटरने काटा फिरवतो. सोय मोठी आहे, पण भाषा सांगण्याचे काम माणसालाच करावे लागते.

अँपिअरमापक की व्होल्टमापक?

इथे प्रश्न नुसत्या चुकीचा नाही, आगीचा आहे.

अँपिअरमापक मंडलात एकसरीने जोडतात हे आपण पाठ केलेले असते. मोटारीत याचा अर्थ काय होतो? डायनामो किंवा अल्टरनेटरपासून बॅटरीकडे जाणारा प्रवाह इंजिनच्या कप्प्यातून केबिनमध्ये येतो, डॅशबोर्डवरील मीटरमधून फिरतो आणि परत जातो. १९६० व १९७० च्या दशकांतील डॉज ट्रकमध्ये अशीच रचना होती. हा सारा प्रवाह वाटेत पत्र्याच्या भिंतीतील एका प्लास्टिकच्या जोडणीतूनही जाई. फोर्डने मीटरला समांतर मार्ग देऊन बहुतेक प्रवाह बाहेरूनच नेला. तिथे आगीचे भय कमी, पण काटा इतका कमी हले की तो बंद आहे असेच वाटावे. आपल्याकडील जुन्या जीपच्या डॅशबोर्डवरही अँपिअरमापक असे, तो कित्येकांनी पाहिला असेल.

ट्रक नवा होता तेव्हा हे सगळे चालून गेले. आता चाळीस-पन्नास वर्षांनी त्या जोडण्यांवर गंज चढला आहे, नट सैल झाले आहेत. समजा, एका सैल नटापाशी फक्त ०.०५ ओहम रोध तयार झाला. ३० अँपिअर प्रवाहाला तिथे ४५ वॉट उष्णता निर्माण होईल. आता मालकाने हौसेने मोठा अल्टरनेटर बसवला, वातानुकूलन आणि तेजस्वी दिवे लावले आणि प्रवाह ६० अँपिअर झाला. प्रवाह दुप्पट, उष्णता चौपट, म्हणजे १८० वॉट! डाग देण्याच्या कित्येक सोल्डरिंग आयर्न एकाच नटापाशी, तेही डॅशबोर्डच्या मागे, प्लास्टिक आणि कापडाच्या शेजारी.

म्हणून जाणते लोक अँपिअरमापक मंडलातून काढून टाकतात, अल्टरनेटरपासून बॅटरीकडे जाड वायर वितळतारेसह थेट नेतात आणि डॅशबोर्डवर व्होल्टमापक लावतात. व्होल्टमापक समांतर जोडायचा. त्यातून जाणारा प्रवाह नगण्य. बारीक वायर आणि छोटा फ्यूज पुरतो. इंजिन बंद असता भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असता १३.८ ते १४.५. चालत्या इंजिनावर काटा १२.५ च्या खाली रेंगाळत असेल तर चार्जिंग होत नाही, आणि १५ च्या वर गेला तर नियंत्रक बिघडला आहे. बॅटरीत किती अँपिअर शिरत आहेत हे मात्र व्होल्टमापक सांगत नाही. जुन्या चालकांना ती उणीव जाणवते, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण सगळा प्रवाह आपल्या गुडघ्यांपाशी आणून तो मोजण्यापेक्षा ही उणीव परवडली.

जाता जाता दिव्याची एक गंमत. काही ट्रकमध्ये अँपिअरमापकाऐवजी चार्जिंगचा लाल दिवा असतो. त्याचा साधा बल्ब काढून कोणी एलईडी लावला की अल्टरनेटर चार्ज करायचाच थांबतो! कारण अल्टरनेटरच्या चुंबकी वेटोळ्याला सुरुवातीचा थोडा प्रवाह त्या बल्बमधूनच मिळत असतो. एलईडीतून तेवढा प्रवाह जात नाही. तो बल्ब नुसता दिवा नव्हता, रोधही होता.

तेलाच्या दाबाचे नाटक

इंजिनातील तेलाचा दाब गेला तर काही क्षणांत बेअरिंग घासू लागतात. म्हणून या काट्याला सर्वांत जास्त मान. जुना यांत्रिक मापक म्हणजे फ्रान्सच्या युजेन बुर्दोंने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकडी, चपटी नळी. आत दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. मापन अचूक, पण गरम तेलाची बारीक नळी केबिनमध्ये येते. ती फुटली तर पाय भाजलेच! विजेवर चालणारा मापक त्या मानाने निर्धोक.

मात्र १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फोर्डच्या ट्रकमध्ये एक विचित्र बदल झाला. तबकडी तीच, काटा तोच, पण इंजिनवरील बदलता रोध काढून तिथे नुसता स्विच आला. दाब सुमारे ६-७ पौंडांवर गेला की स्विच मिटतो आणि एका ठरावीक रोधामुळे काटा मध्यावर जाऊन उभा राहतो. दाब १० असो की ५०, काटा मध्यावरच. दाब निम्म्यावर आला तरी चालकाला काहीच कळत नाही. म्हणजे मीटरच्या वेशातला हा चालू-बंद दिवाच! हे ट्रकही आता जुन्यांत जमा झाले आहेत आणि त्यांचे मालक तो रोध काढून, इंजिनवर जुन्या पद्धतीचा बदलता रोध बसवून काट्याला पुन्हा बोलता करतात. या लेखातील सर्वांत स्वस्त सुधारणा बहुधा हीच असेल.

वेगमापकाबद्दल थोडक्यात. ओटो शुल्झे याने १९०२ मध्ये पेटंट घेतलेला भोवरा-प्रवाहाचा वेगमापक आपल्या जुन्या स्कूटरवरही होता. केबल चुंबक फिरवते, ॲल्युमिनियमची वाटी त्याच्यामागे ओढली जाते आणि केसासारखी स्प्रिंग तिला अडवते. पण केबल मोजते ती चाकांचे फेरे, अंतर नव्हे. २८ इंच व्यासाच्या टायरऐवजी ३१ इंची टायर लावले, तर काटा ताशी ६० मैल दाखवत असताना ट्रक ६६ मैलांनी धावत असतो.

शेवटी, मीटर बसवून झाल्यावर तो खरे बोलतो की नाही हे कसे ठरवायचे? डॅशबोर्ड बंद करण्यापूर्वी फ्लोटची वायर सोडवून तिथे ७३ ओहमचा रोध लावावा. काटा 'रिकामी'वर यायला हवा. मग १० ओहमचा लावावा, एक वॉट किंवा जास्त क्षमतेचा, नाहीतर रोधच तापेल. काटा 'भरलेली'वर यायला हवा. दोन्ही जमले तर डॅशबोर्डची बाजू निर्दोष, आणि तरीही चूक दिसत असेल तर टाकीची अर्थिंग तपासावी. तिथे गंजामुळे १० ओहम वाढले तरी भरलेल्या टाकीचा प्रवाह २२७ वरून १५६ मिलिअँपिअरवर येतो. तापमानाच्या काट्यासाठी थर्मिस्टर काढून, त्याचे धातूचे अंग वायरीने अर्थला जोडून, उकळत्या पाण्यात धरतात. पण डेन्व्हर शहर मैलभर उंचीवर आहे, तिथे पाणी सुमारे ९५ अंश सेल्सिअसलाच उकळते. महाबळेश्वरलाही जवळपास तसेच. तिथे काट्याने १०० अंश दाखवले, तर चूक काट्याची समजावी.